कराची किती दूर? : पिंपरी कॅम्प, येरवड्याचे मैदान आणि एक हवाई वाट

१/
पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून दिल्ली सरळ हवाई रेषेत सुमारे ११५० किमी आहे आणि कोलकाता सुमारे १५७५ किमी. कराची मात्र जेमतेम १००० किमी. मुंबईहून मोजले तर हेच अंतर ८८० किमीच्या आसपास भरते. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशाला स्वतःच्या देशाच्या राजधानीपेक्षा शेजारच्या देशातील सर्वांत मोठे शहर जवळ पडते. हे अंतर कापायला लागणारा वेळ मात्र गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलला, आणि प्रत्येक वेळी तो घटलाच असे नाही. त्या बदलांचा हा इतिहास. #थ्रेड

२/
पिंपरी आणि कराची ही जोडी वरवर विजोड वाटते. पण पिंपरी रेल्वे स्थानकालगतची बाजारपेठ आजही ‘पिंपरी कॅम्प’ या नावाने ओळखली जाते. हा ‘कॅम्प’ लष्कराचा नव्हे, निर्वासितांचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना येथे वसवण्यात आले. पवनेच्या काठी झुलेलाल घाट आहे. झुलेलाल हे सिंधू नदीशी निगडित दैवत. सिंधूचा देव पवनेकाठी कसा आला, हे समजून घ्यायचे तर आधी कराची आणि पुणे एकाच प्रांतात होती तो काळ पाहावा लागतो.

३/
१८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने सिंध जिंकला. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडण्यात आला आणि १ एप्रिल १९३६ रोजी स्वतंत्र प्रांत होईपर्यंत तसाच राहिला. जवळजवळ नव्वद वर्षे कराची, पुणे, धारवाड आणि अहमदाबाद यांचा कारभार एकाच सरकारच्या हाताखाली चालत होता. मराठी कारकून, शिक्षक आणि रेल्वेतील नोकरदार बदलीवर किंवा नोकरीच्या शोधात कराचीला जात. तो परदेशप्रवास नव्हता. आज पुण्याहून नागपूरला बदली व्हावी तशी ती इलाख्यातल्या इलाख्यातील बदली होती.

४/
या दळणवळणाची एक खूण कराचीत अजून उभी आहे. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यातील मराठी अधिकारी. १८५५ मध्ये कराचीत सुरू झालेल्या सरकारी शाळेला पुढे त्यांचेच नाव मिळाले. ‘एनजेव्ही’ या आद्याक्षरांनी ती शाळा आजही ओळखली जाते. मराठी भाषक हिंदूंचा एक लहानसा समाजही कराचीत टिकून आहे आणि तेथे गणेशोत्सव साजरा होतो.

५/
त्या काळी मुंबईहून कराचीला जाण्याचे दोन मार्ग होते. पहिला समुद्राचा. मुंबईच्या गोदीतून निघालेली आगबोट काठेवाडच्या किनाऱ्यावरून दीड-दोन दिवसांत कराचीला लागे. दुसरा लोहमार्गाचा. मुंबईहून अहमदाबाद, तेथून मारवाड आणि जोधपूरमार्गे वाळवंट ओलांडून सिंधमधील हैदराबाद, आणि मग कराची. मध्ये कच्छचे रण असल्याने किनाऱ्याकाठून सरळ जाणारा रेल्वेमार्ग कधीच झाला नाही. नकाशावर जवळ दिसणारे शहर जमिनीवरून लांबचा फेरा घालूनच गाठता येई.

६/
ही अडचण मुंबईच्या व्यापाऱ्यांना खऱ्या अर्थाने जाणवली ती १९२९ नंतर. त्या वर्षी ३० मार्चला इम्पीरिअल एअरवेजची लंडन ते कराची ही हवाई टपालसेवा सुरू झाली. पहिली खेप आठवडाभरात कराचीला पोहोचली. बोटीने येणाऱ्या विलायती टपालाला दोन-अडीच आठवडे लागत, त्या मानाने ही क्रांतीच होती. पण विमान कराचीला थांबे आणि मुंबईकडचे टपाल तेथून पुढे रेल्वेत चढे. हवेत वाचवलेला वेळ रुळांवर खर्च होई.

७/
नेव्हिल विन्सेंट या माजी ब्रिटिश वायुदल वैमानिकाने ही फट हेरली. कराची ते मुंबई आणि पुढे मद्रास अशी जोडसेवा सुरू करण्याची योजना घेऊन तो टाटांकडे गेला. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. योजना त्यांना पटली, सरकारला पटायला मात्र काही वर्षे गेली. अखेर सरकारी अनुदान न घेता, टपालाच्या वजनावर मोबदला मिळेल, या अटीवर ती मंजूर झाली.

८/
१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एकपंखी, एका इंजिनाचे विमान उडवले. सोबत २५ किलो टपाल. अहमदाबादला उतरून इंधन भरले. तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आणले गेले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी विमान मुंबईत जुहूला उतरले. सुमारे १०४० किमी, सव्वासात तास, थांबा धरून ताशी सरासरी १४३ किमी. पुढे विन्सेंटने ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. ज्या प्रवासाला बोटीने दीड-दोन दिवस लागत, तो न्याहारी आणि दुपारचे जेवण यांच्या दरम्यान संपला.

९/
या कथेत पुण्याचाही एक वाटा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. जुहूची धावपट्टी म्हणजे किनाऱ्यावरचे चिखलाचे सपाट मैदान. पावसाळ्यात भरतीचे पाणी चढले की ती समुद्राखाली जाई. म्हणून पावसाळ्यात टाटांचे सारे हवाई खाते, म्हणजे दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक, पुण्यात येरवड्याच्या मैदानावर हलवले जाई, तुरुंगाच्या सावलीत. पहिल्या उड्डाणाच्या तीनच आठवडे आधी, २४ सप्टेंबर १९३२ रोजी, याच येरवडा तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या होत्या. त्या दिवसांत पावसाचे चार महिने या हवाई वाटेचा तळ पुणे होता.

१०/
पुढची काही वर्षे वेगाची होती. १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी लोहगावला लष्करी विमानतळ उभा राहिला. पुण्याचे आजचे प्रवासी विमानतळ त्याच धावपट्टीवर चालते. महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेली डकोटा विमाने प्रवासी सेवेत आली. ताशी पावणेतीनशे किमीच्या आसपास वेग धरला तर मुंबई-कराची हा सव्वातीन-साडेतीन तासांचा प्रवास झाला. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे ‘एअर इंडिया’ असे नामांतर झाले. तेव्हा कराची हे तिच्या दृष्टीने देशातलेच एक ठाणे होते, आणि ती ज्या मार्गावर जन्मली त्या मार्गाचे पहिले टोक.

११/
मग १४-१५ ऑगस्ट १९४७ ची मध्यरात्र आली. विमाने तीच, मार्ग तोच, अंतरही तेच. पण मुंबई-कराची हा देशांतर्गत मार्ग त्या रात्री आंतरराष्ट्रीय झाला. कराची पाकिस्तानची राजधानी बनली. सुरुवातीला अनेकांना वाटले की ही सरहद्द केवळ कागदावरची आहे, लोक पूर्वीसारखे ये-जा करत राहतील. सिंधची फाळणी पंजाबसारखी झाली नव्हती, संपूर्ण प्रांतच पाकिस्तानात गेला होता. आरंभीचे काही महिने तेथे पंजाबच्या मानाने शांतताही होती.

१२/
६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि हा भ्रम संपला. त्यानंतर हिंदू कुटुंबांचे निघणे वेगाने वाढले. पंजाबातील काफिले पायी आणि रेल्वेने सरहद्द ओलांडत होते. सिंधी निर्वासितांपैकी फार मोठा भाग आला तो कराची बंदरातून, बोटीने. मुंबई, ओखा, पोरबंदर ही उतरण्याची ठिकाणे. ज्यांना परवडले ते विमानाने आले. दहा लाखांहून अधिक सिंधी हिंदूंनी घरदार सोडले. डकोटा तीन-साडेतीन तासांत जे अंतर कापे, ते बहुतेकांनी डेकवर बसून, जुन्या आगबोटीच्या गतीने कापले, आणि परतीचे तिकीट कोणाकडेच नव्हते.

१३/
मुंबई सरकारने निर्वासितांसाठी ठिकठिकाणी छावण्या उघडल्या. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांतून उल्हासनगर उभे राहिले. कोल्हापूरजवळ वळिवड्याला, जिथे महायुद्धात पोलिश निर्वासित राहिले होते, तिथे गांधीनगर वसले. पुण्याजवळ पिंपरीला अशीच छावणी झाली. सिंधमधील हैदराबादेत शाळा चालवणारे साधू वासवानी पुण्यात स्थायिक झाले. तेव्हाची पिंपरी म्हणजे मुंबई-पुणे लोहमार्गावरचे एक खेडे. कारखाने नव्हते, नगरपालिका नव्हती. कराचीसारखे बंदराचे शहर सोडून आलेली माणसे पवनेच्या काठच्या शेतशिवारात येऊन पडली.

१४/
औद्योगिक नगरीच्या इतिहासात हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी निर्वासित आले, कारखाने नंतर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. साठीच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आले, आकुर्डीत बजाज आणि पाठोपाठ टेल्को आली. कामगारांची वस्ती वाढली तसा तिला कापड, भांडी, किराणा पुरवणारा पिंपरी कॅम्पचा बाजार वाढला. ज्या टाटांचे पहिले विमान कराचीहून उडाले होते, त्यांच्याच ट्रकच्या कारखान्यातील कामगार दिवाळीची खरेदी कराची-हैदराबादहून आलेल्यांच्या दुकानांत करू लागला.

१५/
इकडे दोन शहरांमधले घड्याळही वेगळे झाले. फाळणीनंतर चार वर्षे कराचीत भारतीय प्रमाणवेळच चालू होती. १ ऑक्टोबर १९५१ पासून पश्चिम पाकिस्तानने अर्धा तास मागची वेळ स्वीकारली. जेट विमाने आल्यावर मुंबई-कराची प्रवासाला सुमारे दीड तास पुरे होऊ लागला. ८८० किमी ताशी आठशेच्या वेगाने तासाभरात कापले जातात, उरलेली मिनिटे धावपट्टीवर सरकण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातात. म्हणून मुंबईहून सकाळी दहाला निघालेला प्रवासी कराचीच्या घड्याळाप्रमाणे अकराला पोहोचे. कागदावर प्रवास एकाच तासाचा दिसे.

१६/
तांत्रिकदृष्ट्या हे अंतर सर्वांत लहान झाले, आणि त्याच काळात ते अधूनमधून अनंत होऊ लागले. १९६५ च्या युद्धात सिंध-राजस्थानचा लोहमार्ग तुटला. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला जाणारे ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवून नेण्यात आले व तेथे जाळले गेले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची ते ढाका हे सुमारे २३७० किमीचे अंतर कापायला पाकिस्तानी विमाने श्रीलंकेला वळसा घालू लागली. मार्ग साडेचार हजार किमीच्या वर गेला. एकाच देशाचे दोन भाग एकमेकांपासून दुप्पट दूर गेले, आणि वर्ष संपण्याआधी तो देशच दुभंगला.

१७/
१९७६ मध्ये हवाई संबंध पुन्हा जुळले. मुंबई-कराची विमाने परत उडू लागली. ऑक्टोबर १९८२ मध्ये चार दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ११ तारखेला पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली. १५ तारखेला ७८ वर्षांच्या जेआरडींनी पहिल्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त लेपर्ड मॉथ हे जुन्या घडणीचे छोटे विमान कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला स्वतः उडवत आणले. पन्नास वर्षांपूर्वी या वाटेला फक्त इंधन आणि हवामान लागत होते. आता दोन सरकारांची परवानगीही लागली. ती मिळाली, हेही त्या काळाबद्दल काही सांगते.

१८/
विमान होते तेव्हाही सामान्य माणसाला कराची सोपी नव्हती. १९९४ च्या अखेरीस भारताचा कराचीतील वाणिज्य दूतावास बंद झाला. पाकिस्तानचा मुंबईतील दूतावासही उरला नाही. त्यामुळे पिंपरीत राहणाऱ्या कोणा वृद्धाला आपले जन्मगाव पाहायचे असेल, तर व्हिसाची वाट दिल्लीतून जाई. म्हणजे १००० किमीवरच्या कराचीसाठी आधी ११५० किमीवरच्या दिल्लीचे दार ठोठवायचे. व्हिसा मिळालाच तर तो देशाचा नसून ठरावीक शहरांचा असे, आणि तेथे पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करण्याचे बंधन सामान्यतः असेच.

१९/
नव्या शतकात ही वाट दाराच्या बिजागरीसारखी उघडत-मिटत राहिली. संसदेवरील हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे हवाई मार्ग बंद. २००४ च्या आरंभी सुरू. १८ फेब्रुवारी २००६ रोजी मुनाबाव-खोखरापार मार्गे थर एक्स्प्रेस धावली आणि १९६५ नंतर प्रथमच रेल्वेने राजस्थानातून कराचीला जाता येऊ लागले. २०१७ मध्ये पाकिस्तानच्या विमान कंपनीने पुरेसे प्रवासी नसल्याने कराची-मुंबई सेवा थांबवली. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचे आकाश जुलैपर्यंत बंद राहिले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थर एक्स्प्रेसही थांबली.

२०/
याच काळात पिंपरी-चिंचवडच्या उत्तरेला चाकणचा पट्टा मोटारींच्या कारखान्यांनी भरून गेला. जर्मन, कोरियन, जपानी अभियंते येऊ-जाऊ लागले. लोहगावची धावपट्टी वायुदलाची आणि तोकडी, म्हणून चाकण-राजगुरुनगर परिसरात स्वतंत्र आंतरराष्ट्रीय विमानतळाची योजना वर्षानुवर्षे चर्चेत राहिली. डोंगराळ भूभाग आणि जमिनी द्यायला शेतकऱ्यांचा विरोध यांमुळे ती मागे पडली व २०१६ मध्ये पुरंदरची निवड झाली. चाकणला विमान उतरले नाही. पण या वादात चर्चा झाली ती युरोप, आखात आणि अतिपूर्वेच्या विमानांची. सर्वांत जवळच्या परदेशी महानगराचे नाव कोणाच्या यादीत नव्हते.

२१/
पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये उरलेसुरले धागेही तुटले. भारताने पाकिस्तानी नागरिकांची व्हिसासेवा स्थगित केली, २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, ३० एप्रिलला भारताने तेच केले, आणि बंदीची मुदत पुढे महिन्या-महिन्याने वाढत गेली. दरम्यान २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली होती. कराचीहून उडालेल्या एका विमानातून जन्मलेली ही कंपनी आपल्या संस्थापकाच्या घरी परतली, पण तिच्या विमानांना कराचीच्या आकाशात प्रवेश उरला नाही.

२२/
आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. कराची किती दूर?
• आगबोटीच्या काळात : दीड-दोन दिवस.
• १९३२, पस मॉथ : सव्वासात तास.
• डकोटा : सव्वातीन-साडेतीन तास.
• जेट : सुमारे दीड तास.
• थेट सेवा बंद झाल्यावर, दुबईमार्गे : मुंबईहून दुबई सुमारे १९३० किमी, तेथून कराची सुमारे ११८० किमी, एकूण तीन हजार किमीहून अधिक. दोन उड्डाणे आणि मधली प्रतीक्षा धरून दिवसाचा मोठा भाग.
म्हणजे व्हिसा हाती असला तरीही हा प्रवास बहुधा १९३२ च्या लाकूड-कापडी पंखांच्या विमानापेक्षा अधिक वेळ घेतो.

२३/
विमानविद्येने शंभर वर्षांत या वाटेवरचा वेळ दोन दिवसांवरून दीड तासावर आणला. तो पुन्हा वाढवला तो वारा, अंतर किंवा यंत्रे यांपैकी कशानेही नव्हे. ज्यांनी १९४८ मध्ये कराचीच्या धक्क्यावरून बोट पकडली, ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांपैकी बहुतेकांना ते घर पुन्हा पाहता आले नाही. चालिहोच्या दिवसांत पिंपरीच्या झुलेलाल घाटावर आजही दिवे लागतात. त्या दिव्यांपासून कराची १००० किमीवर आहे, दिल्लीपेक्षा दीडशे किमी जवळ.

(समाप्त)